खर्जाच्या रांगेतले नायक

मोठ्या तालमीआधी आमच्या युवा वाद्यवृंदात प्रत्येक सेक्शनची वेगळी बैठक असते. मी बास ट्रॉम्बोन, म्हणजे नळी पुढेमागे सरकवून वाजवायच्या ट्रॉम्बोनचा खर्जातला प्रकार, वाजवते आणि खर्जातल्या पितळी वाद्यांचा सेक्शन, म्हणजे तीन ट्रॉम्बोन आणि त्यांच्याही खालचे सूर देणारा अवजड ट्यूबा, माझ्याकडे असतो. त्या दिवशी संगीतकार ड्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेचा, दुसरा भाग बसवायचा होता. 1893 सालची ही रचना. तिच्या या संथ भागाची सुरुवातच पितळी वाद्यांच्या मोजक्या स्वरसंगतींनी होते. हळू, दबल्या आवाजात. ट्यूबावाल्याला संपूर्ण सिम्फनीत याच भागात काम आहे आणि तेही थोड्या सुरांचं. आख्खा पहिला भाग वाद्य मांडीवर घेऊन बसून राहायचं आणि मग थंड पडलेल्या पितळेतून, थंड पडलेल्या ओठांनी, एकदम हलका सूर लावायचा. जोरात वाजवणं याच्यापुढे सोपं आहे.

त्या आठवड्यासाठी मी मुलांना एक काम दिलं होतं. आपल्या वाद्यातून ज्याचा आवाज यावा असं वाटतं, असा एक वादक निवडायचा, त्याचं थोडंसं ध्वनिमुद्रण ऐकवायचं आणि त्याच्याकडून नेमकं काय घ्यायचं ते सांगायचं. नुसतं ‘भारी वाजवतो’ चालणार नाही, हेही सांगून ठेवलं होतं.

पहिल्या ट्रॉम्बोनवाल्याने जॅझ ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सन आणला. 1940 च्या दशकात बीबॉप नावाचं वेगवान जॅझ आलं, तेव्हा ट्रॉम्बोन मागे पडणार असंच चित्र होतं. सॅक्सोफोनवाल्याला नुसती बोटं हलवायची असतात, आपल्याला प्रत्येक सुरासाठी हात पुढेमागे न्यावा लागतो. जॉन्सन इतकं स्वच्छ वाजवत, की तबकडी ऐकून लोकांना वाटे हा सरकत्या नळीचा, म्हणजे स्लाइडचा नाही, बोटाने कळा दाबायचा व्हॉल्व्हचा ट्रॉम्बोन आहे. आमच्या पोराने ते मुद्रण निम्म्या वेगाने लावून दाखवलं. “मॅडम, हात पोचल्याशिवाय जीभ लागतच नाही बघा.” सूर सुटतो जिभेच्या टोल्याने, आणि तो टोला हात जागेवर पोचल्यावरच पडतो, हे त्याने हेरलं होतं. मी खूश झाले. ऐकणं याला म्हणतात.

दुसरीने क्रिस्तियान लिंडबर्ग आणला, स्वीडनचा. ऑर्केस्ट्रातली जागा सोडून निव्वळ एकल वादनावर उभा राहिलेला हा ट्रॉम्बोनवादक. त्याच्यासाठी संगीतकारांनी नवे कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, लिहिल्या. बास ट्रॉम्बोनवाल्याने जॉर्ज रॉबर्ट्स आणला आणि मग मला गप्प बसवेना, कारण तो माझाही नायक. आधी स्टॅन केंटनच्या जॅझ बँडमध्ये, पुढे संगीतसंयोजक नेल्सन रिडलच्या रचनांत. बास ट्रॉम्बोन म्हणजे तळाला घुरघुरणारं वाद्य, असं लोक धरून चालले होते तेव्हा या माणसाने त्यावर गायला सुरुवात केली. रिडलने ज्याच्यासाठी इतकं काम केलं तो गायक फ्रँक सिनात्रा. आणि सिनात्रा सांगत असे, की लांब ओळ एका दमात कशी न्यायची हे तो टॉमी डॉर्सीला ट्रॉम्बोन वाजवताना पाहून शिकला. गायक ट्रॉम्बोनकडून शिकतो आणि ट्रॉम्बोन गायकाकडून, हे देणंघेणं मला फार आवडतं. घड्याळाकडे बघून थांबले.

मग ट्यूबावाल्या मुलीची पाळी आली. तिने काहीच आणलं नव्हतं.

“माझं कुणी नाही, मॅडम.”

आळशी मुलगी नाही ही. सगळ्यांच्या आधी येते, वाद्य स्वतः उचलून आणते, कुणाला हात लावू देत नाही. म्हणून मी खोदून विचारलं. बाहेर कुठेतरी तिने निवडचाचणी दिली होती. परीक्षकांपैकी एकाने तिला सांगितलं होतं, सूर चांगले लागतात, पण या वाद्याला छाती लागते, तुझ्या अंगापिंडाला झेपायचं नाही. तिने ते खरं मानलं होतं. “सगळे ट्यूबावाले दांडगेच असतात ना? त्यांच्यासारखं मला कसं जमेल?”

मला त्या परीक्षकाचा संताप आला आणि तो मी मुलांपासून लपवला नाही. ड्वोर्झाकची पानं बाजूला ठेवली आणि आधी ट्रॉम्बोनवादक ॲबी कोनांटची गोष्ट सांगितली. 1980 साली जर्मनीतल्या म्यूनिक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची चाचणी पडद्याआडून झाली. बोलावण्याच्या पत्रावर तिचा उल्लेख ‘श्रीयुत’ असा होता. तिने वाजवलं, निवड झाली आणि पडद्यामागून बाई बाहेर आली. 1982 मध्ये तिला पहिल्या, म्हणजे प्रमुख, ट्रॉम्बोनच्या जागेवरून दुसऱ्यावर ढकललं गेलं. प्रकरण न्यायालयात गेलं. तिथे अंगात ताकद आहे हे सिद्ध करायला तिला स्वतःच्या फुप्फुसांची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागली. तपासणीत ती उत्तम निघाली, तरी लढा 1993 पर्यंत चालला. पडदा होता तोवर तिची छाती कुणाला कमी वाटली नव्हती.

“पण ती उत्तम निघाली,” मुलगी म्हणाली. “माझी नाही निघाली तर?”

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर एकाच माणसाकडे आहे, आर्नल्ड जेकब्स. 1944 पासून 1988 पर्यंत शिकागो सिम्फनीत ट्यूबा वाजवणारा हा माणूस. त्या ऑर्केस्ट्राच्या पितळी वाद्यांचा जगभर दबदबा होता आणि त्या सगळ्या आवाजाच्या बुडाशी जेकब्स होते. त्यांना दम्याचा त्रास होता. फुप्फुसांची क्षमताही कमी होती आणि वयाबरोबर ती आणखी घटत गेली. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या कितीतरी जणांची छाती त्यांच्यापेक्षा भक्कम असे. तरीही लोक श्वास शिकायला त्यांच्याकडेच येत. ते श्वासमापनाची वैद्यकीय उपकरणं खोलीत ठेवत, शरीरशास्त्र कोळून प्यायलेले होते आणि एवढं करून विद्यार्थ्याला सांगत, की वाजवताना स्नायूंचा विचार करू नकोस, डोक्यात सूर गात राहा आणि हवा वाहू दे.

हवा वाहू देणं ही ट्यूबाची खरी मेख आहे. ट्रम्पेटच्या वरच्या सुरांना हवा थोडी लागते, पण दाब जास्त. ट्यूबाच्या खालच्या सुरांना दाब कमी आणि हवा भरपूर. म्हणजे इथे पोट आवळून जोर काढणारा हरतो. छाती लहान असेल तर श्वास जास्त वेळा घ्यावा लागतो, बस्स. कुठे घ्यायचा ते डोक्याने ठरवायचं.

तिला तो पहिला सूर लावायला सांगितलं आणि मी तिच्या अगदी समोर खुर्ची ओढून बसले. श्वास भरताना खांदे वर गेले. भरून झाल्यावर ती थांबली, क्षणभरच, पण त्या क्षणात गळा मिटला, मानेची शीर दिसली, ओठांचे कोपरे ताणले गेले. मग सूर फुटला तो उशिरा आणि धक्का देऊन. दोनदा, तीनदा तेच. हवा कमी नव्हती. भरलेली हवा ती कोंडून धरत होती, कारण पुरणार नाही अशी भीती तिच्यात कुणीतरी घातली होती.

वाद्य खाली ठेवायला लावलं. कागदाची एक पट्टी तिच्या तोंडासमोर हातभर अंतरावर धरली. श्वास आत, आणि न थांबता बाहेर, पट्टी झुकलेली राहिली पाहिजे. झोका वरच्या टोकाला पोचून जसा न अडखळता परत फिरतो, तसा श्वास वळायला हवा. आधी पट्टी फडफडून लगेच सरळ होई. थोड्या वेळाने ती झुकून स्थिर राहू लागली. मग तीच ओळ गायला सांगितली. ती लाजली, तेव्हा तिन्ही ट्रॉम्बोनवाले आपापला आवाज धरून तिच्यासोबत गायले. नंतर नुसत्या माउथपीसवर, म्हणजे ओठांना लावायच्या सुट्या तुकड्यावर, आणि शेवटी वाद्यावर.

सूर वेळेवर आला. मोठा नव्हता, मोठा नकोच होता. पण ट्रॉम्बोनच्या खाली असा पसरला, की वरच्या तिघांचा मेळ आपोआप खरा झाला. बास ट्रॉम्बोनवाल्याने वाजवता वाजवताच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याला आता टेकायला जागा मिळाली होती आणि ते त्याच्या आवाजातही ऐकू आलं.

वेळ संपत आली होती, तरी मी ट्यूबावादक कॅरोल यांच हिचं मुद्रण लावलं. 2006 साली, अजून विद्यार्थिनी असतानाच, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राची मुख्य ट्यूबावादक म्हणून तिची निवड झाली. अमेरिकेतल्या मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात त्या जागेवर बसलेली ती पहिली स्त्री. मुलीने डोळे मिटून ऐकलं आणि ती दांडगी आहे का, हे काही विचारलं नाही. “श्वास कुठे घेतला ते कळतच नाही,” एवढंच म्हणाली आणि पुन्हा लावायला सांगितलं.

मोठ्या तालमीत ती सुरावट पहिल्याच फेरीत बसली असं नाही. दुसऱ्या स्वरसंगतीला तिने पुन्हा हवा कोंडली, ते मला मागून दिसलं. पुढच्या फेरीत हवा सुटली. रोज थोडं असं ते काम आहे.

पुढच्या बैठकीला मात्र ती न सांगता एक स्वरलिपी घेऊन आली. व्हॉन विल्यम्सचा ट्यूबा कॉन्चेर्तो, 1954 चा, संगीतकाराने ऐंशी ओलांडल्यावर लिहिलेला. त्यातला संथ मधला भाग तिला काढायचा होता. श्वासाच्या जागा पेन्सिलीने आधीच खुणावलेल्या होत्या, मी विद्यार्थ्यांना देते त्यापेक्षा दोन जास्त. त्यातली एक ओळ तोडत होती, ती खोडायला लावली. दुसरी इतकी नेमक्या ठिकाणी होती, की मी ती माझ्या प्रतीवर उतरवून घेतली.