फ्लोरिडातल्या घराच्या विम्याने आम्हाला रखडवलं

घर पसंत करायला आम्हाला चार दिवस लागले आणि त्याचा विमा उतरवायला सात आठवडे. ह्यांच्या निवृत्तीनंतर न्यू जर्सीचं घर विकून नॉर्थ पोर्टमध्ये, ५५ वर्षांवरच्यांच्या वसाहतीत राहायला जायचं ठरलं होतं. कर्ज मंजूर झालं, एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, परवानगी आली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते छपरावर. शिंगलचं, म्हणजे एकावर एक बसवलेल्या पातळ तुकड्यांचं छप्पर, १७ वर्षांचं. विमा एजंटच्या ऑफिसातून रोज एकच उत्तर यायचं, "पंधराच्या वर कंपनी घेत नाही, छप्पर बदला." अजून आमच्या नावावरही न झालेल्या घराचं छप्पर आम्ही बदलायचं? विकणाऱ्या बाईही त्या खर्चाला तयार नव्हत्या. तीन आठवडे मी रोज सकाळी नऊला फोन करत होते.

शेवटी मार्ग सांगितला तो घर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरने. २०२२ पासून फ्लोरिडात कायदा आहे: छप्पर १५ वर्षांचं किंवा त्याहून जुनं असलं, तरी ते अजून निदान ५ वर्षं टिकेल असा अधिकृत अहवाल असेल तर निव्वळ वयावरून विमा नाकारता येत नाही. एजंटला हे माहीत असायलाच हवं होतं. तो राग अजून गेलेला नाही. इन्स्पेक्टरने वर चढून प्रत्येक उताराचे फोटो काढले. मग माळ्यावर टॉर्च मारून मला छताच्या लाकडाला भिंतीशी बांधणारी लोखंडी पट्टी दाखवली आणि तिच्यातले खिळे मोजले. तीन. वाऱ्यापासूनच्या बचावाचा वेगळा अहवाल असतो, त्यात हे खिळे धरतात आणि प्रीमियम कमी होतो. आमचा झाला.

पॉलिसी दोन दिवसांवर आली आणि हेलेन वादळाचा इशारा लागला. इशारा लागला की कंपन्या नवे विमे उतरवणं बंद करतात, आणि विम्याशिवाय बँक कर्जाचे पैसे सोडत नाही. २७ सप्टेंबर २०२४ चं क्लोजिंग, म्हणजे पैसे देऊन घर नावावर करायचा दिवस, गेलं. विमे पुन्हा सुरू होतायत तोवर मिल्टन वादळ आलं, ९ ऑक्टोबरला, थेट सारासोटाजवळच्या सिएस्टा की इथे. पुन्हा सगळं बंद. त्यानंतर घर शाबूत आहे ना हे बघायला बँकेने परत माणूस पाठवला. २५ ऑक्टोबरला किल्ल्या मिळाल्या तेव्हा मी गाडीत बसून रडले.

म्हणून ऑफर देण्याआधीच विम्याचा आकडा मागा, आणि छपराच्या परमिटची, म्हणजे ते बसवायच्या सरकारी परवान्याची, तारीख स्वतः बघा. जमलं तर क्लोजिंग ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळा. पुराचा विमा घराच्या विम्यात नसतो. तो सरकारी योजनेतून घेतला तर ३० दिवसांनी लागू होतो, पण कर्ज घेऊन क्लोजिंग करताना काढला तर थांबावं लागत नाही.

हो, आणि सीडीडी, म्हणजे वसाहतीच्या सोयी उभारणारी स्थानिक संस्था, राहिलंच! नव्या वसाहतींत रस्ते-गटारांसाठी तिने काढलेल्या कर्जरोख्यांचा हप्ता एचओएच्या फीमध्ये नसतो, तो नोव्हेंबरच्या मालमत्ता कराच्या बिलात येतो. आधीच्या मालकाचं बिल बघून हिशेब करू नका. कायम राहणाऱ्या मालकाच्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला ३ टक्क्यांहून जास्त वाढत नाही, पण घर विकलं की ते बाजारभावावर येतं. १ जानेवारीला तिथे राहत असाल तर होमस्टेड सवलतीचा, म्हणजे राहत्या घराच्या मालमत्ता करातल्या सवलतीचा, अर्ज १ मार्चच्या आत द्या. आमचा मी जानेवारीतच दिला.