मृग ते स्वाती: वावरावरचा निवडीचा खेळ मराठीत लिहिताना

पेरायचं की थांबायचं? जूनच्या दुसऱ्या आठवड्यात यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या कोणत्याही गावात पारावर हाच विषय असतो. ज्या खेळात गोष्ट खेळणाऱ्याच्या निवडीवर वळते, त्याला याहून चांगली सुरुवात शोधून सापडणार नाही. दोन्ही बाजूंना कारणं पक्की, दोन्हीकडे पैसा अडकणार, आणि उत्तर आठ-पंधरा दिवसांनी आभाळ देणार. असे खेळ इंग्रजीत भरपूर आहेत, मराठीत फार थोडे. वऱ्हाडातल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, एका हंगामावर असा खेळ कसा बांधायचा, काय लागतं आणि कुठे अडतं, ते इथे लिहितो आहे.

साधन म्हणून ट्वाइन घ्या. ख्रिस क्लिमास यांनी ते २००९ साली आणलं, फुकट आहे, आणि तयार खेळ एकाच एचटीएमएल फाइलमध्ये निघतो. गोष्टीचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक पॅसेज. पुढे जाण्याची वाट दुहेरी चौकोनी कंसात लिहायची, म्हणजे [[आणखी आठ दिवस थांबू->मृग-३]]. बाणाच्या डावीकडचं खेळणाऱ्याला दिसतं, उजवीकडे पॅसेजचं नाव असतं. त्यातला शुगरक्यूब हा प्रकार निवडा, हिशेब ठेवायला तो बरा पडतो. ट्वाइन ब्राउझरमध्ये उघडून लिहू नका. तिथे गोष्ट ब्राउझरच्या साठ्यात राहते, आणि कुणी ब्राउझरचा डेटा साफ केला की महिन्याची मेहनत जाते. संगणकावर ॲप टाका आणि रोज एक प्रत पेनड्राइव्हवर काढा.

युनिटी, गोडो अशी खेळ बनवायची मोठी इंजिनं का नकोत, याचं कारण देवनागरी आहे. ‘किती’ हा शब्द घ्या. त्यातली पहिली वेलांटी साठवताना ‘क’च्या नंतर असते, पण दिसायला हवी ‘क’च्या आधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांची जुळणी कुणीतरी करावी लागते. ब्राउझर ती आपोआप करतो. गोडो ४ करतं, त्याच्या आधीचं गोडो ३ करत नव्हतं. युनिटीत मजकूर दाखवणारं टेक्स्टमेश प्रो नुसता देवनागरी फॉन्ट दिला तर वेलांटी चुकीच्या बाजूला टाकतं आणि ‘पऱ्हाटी’ची मोडतोड करतं. ज्या खेळात मजकूर हाच सगळा खेळ आहे, तिथे ही लढाई अंगावर घेण्यात अर्थ नाही.

आता बांधणी. नवखा माणूस प्रत्येक निवडीला दोन फाटे फोडत जातो आणि आठवडाभरात थकतो. हिशेब सोपा आहे: दहा वेळा दोन-दोन फाटे फोडले तर १०२४ शेवट होतात आणि एकूण २०४७ पॅसेज लिहावे लागतात. खेळणारा त्यातले अकराच बघतो. त्याऐवजी फाटे फुटू द्यायचे आणि ठरावीक ठिकाणी पुन्हा एका पॅसेजवर आणायचे. फरक राहतो तो वाटेत जमलेल्या हिशेबाचा. पावसाळ्याने ही बांधणी आपल्याला आयतीच दिली आहे. ७-८ जूनला मृग लागतं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्वाती संपते. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती अशी अकरा नक्षत्रं, प्रत्येक साधारण तेरा-चौदा दिवसांचं. कुणी काहीही केलं तरी नक्षत्र बदलतंच, म्हणून तिथे सगळे फाटे एकत्र आले तर ते जबरदस्तीचं वाटत नाही. एका नक्षत्राला बारा पॅसेज, पॅसेजला ८० शब्द, म्हणजे सगळे मिळून साडेदहा हजार शब्द. खेळणारा प्रत्येक नक्षत्रात चारेक पॅसेज बघतो, तेव्हा एक डाव वीस मिनिटांत संपतो आणि दुसरा लगेच खेळावासा वाटतो.

हिशेबाला पाचच व्हेरिएबल, म्हणजे खेळात बदलत जाणारे आकडे, ठेवा: रोख, उधारी, पत, थकवा, पीक. पाचाच्या वर गेलं की कोणता आकडा कुठे वाढवला हे लिहिणाऱ्यालाच आठवत नाही. त्यातले रोख आणि उधारी तेवढे खेळणाऱ्याला दाखवा. पत आकड्यात दाखवू नका, लोकांच्या बोलण्यातून कळू द्या.

मृगाचा पॅसेज पूर्ण मांडून दाखवतो. चार एकर कोरडवाहू वावर. एकरी दोन पाकिटं सरकी, म्हणजे आठ. २०२५ च्या खरिपाला बीजी-२ या बीटी कापसाच्या बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती, तेव्हा बियाण्याचेच ७,२०८ झाले. आतापर्यंत ४० मिलिमीटर पाऊस पडला आहे. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं. पण धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याने कालच टोबलं, म्हणजे सरकी टोचून पेरली, आणि आभाळ भरून आलेलं आहे. टोबलं आणि पाऊस आला तर पीक सगळ्यांच्या पुढे. पंधरा दिवसांची उघाड पडली तर दुबार पेरणी, म्हणजे आणखी ७,२०८. थांबलं तर बियाणं वाचतं, पण हंगाम मागे पडतो आणि उत्पन्न उतरतं.

इथे एक चूक हमखास होते: पाऊस येणार की नाही याचा फासा निवडीच्या क्षणी टाकला जातो. मग खेळणारा मागे जातो, पुन्हा तीच निवड करतो आणि पाऊस पडेपर्यंत हे चालू राहतं. पावसाचा पट खेळाच्या पहिल्याच पॅसेजमध्ये ठरवून ठेवा आणि मागे जायचा बाण सेटिंगमधून बंद करा. नुसतं नशीबही नको, खुणा द्या. उत्तरा नक्षत्रात गुलाबी बोंडअळीसाठी लावलेले कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) त्यासाठी छान उपयोगी पडतात. सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग सापडले तर फवारणीची वेळ आली, हा ठरलेला निकष आहे. पहिल्या रात्री नऊ, दुसऱ्या रात्री आठ, तिसऱ्या रात्री सहा असे आकडे दाखवा आणि औषधावर पैसे घालायचे का ते विचारा. ज्याने आधीच्या पॅसेजमध्ये कृषी खात्याच्या माणसाचं बोलणं नीट वाचलं, त्याला ते इथे कामी आलं पाहिजे.

निवडीची किंमत लगेच वसूल करू नका, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लुकास पोपच्या ‘पेपर्स, प्लीज’ या २०१३ च्या खेळात तुम्ही सीमेवरच्या चौकीत कागदपत्रं तपासता, माणसामागे पाच क्रेडिट मिळतात. संध्याकाळी घरभाडं, जेवण, शेकोटी, औषध यांचा हिशेब समोर येतो. कुणाला आत सोडलं याचा पस्तावा तेव्हा होतो, कारण घरातलं कुणी आजारी असतं आणि पैसे पुरत नाहीत. तोच धागा इथे धरा. मृगात केलेल्या गोष्टीचा उल्लेख मघात यावा आणि तिचं बिल स्वातीत यावं.

कृषी केंद्राचा पॅसेज असा लिहिता येईल:

केंद्रातला माणूस वही उघडतो. बोट एका ओळीवर थांबतं. “वैनी, मांगचे अकरा हजार तसेच हायेत. आता आठ पाकिटं कशी देऊ, तुमीच सांगा.”

– “पोळ्यापर्यंत थांबा ना भाऊ. मी काई गाव सोडून नाई चालली.”
– “चारच द्या. त्याचे रोख घ्या.”
– पीककर्ज उचलू. (या ओळीवर काट. खाली बारीक अक्षरात: सातबारा अजून नवऱ्याच्याच नावावर आहे.)

तिसरा पर्याय दिसतो पण दाबता येत नाही. ही युक्ती २०१३ च्या ‘डिप्रेशन क्वेस्ट’ या ट्वाइनमधल्याच खेळाने फार परिणामकारक वापरली होती. पर्याय नुसता लपवला तर खेळणाऱ्याला तो नव्हताच असं वाटतं. काट मारून दाखवला की फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावबदल, न झालेल्या बाईच्या हातात काय नाही, ते एका ओळीत कळतं. मात्र आख्ख्या खेळात अशा काट पाच-सहाच ठेवा, नाहीतर त्यांचा चटका जातो. आणि पोळ्याचं वचन दिलं असेल तर मघात, बैल तोरणाखाली उभे असताना, झडत्यांच्या, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या गाण्यांच्या, गलक्यात तो माणूस नुसता दिसू द्या. त्याने काही बोलायची गरज नाही.

या उताऱ्यात भाषेचा एक निर्णय दडलेला आहे. इंग्रजी खेळात ‘यू’ म्हटलं की काम भागतं. मराठीत ‘तू गेलास’ आणि ‘तू गेलीस’ यांत खेळणाऱ्याचं लिंग ठरूनच जातं. ‘तुम्ही जाता’ सुटसुटीत आहे, पण परकं वाटतं. त्यापेक्षा पात्र आधीच ठरवा. इथे ती वावर करणारी बाई आहे. निवेदन प्रमाण मराठीत, तिचं आणि गावाचं बोलणं वऱ्हाडीत ठेवा. वऱ्हाडी लिहिताना ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘येऊन राह्यला’ एवढ्या खुणा पुरतात. तिच्या तोंडी ‘मी गेले’ नको, ‘मी गेली’ हवं. ‘शेत’ नको, ‘वावर’ हवं. प्रत्येक शब्द मोडून लिहिला तर अकोल्याचा वाचकसुद्धा अडखळतो, आणि बोली टिंगलीची वाटायला लागते. बोलीची टिंगल होणार असेल तर ती न वापरलेली बरी.

आता देवनागरीतले खड्डे. पॅसेजचं नाव ‘पऱ्हाटी’ ठेवू नका. त्यातला ‘ऱ्’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलंत, किंवा साधा ‘र्’ आणि न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, ट्वाइनला मात्र वेगळे. मोबाइलवर लिहिलेली ओळ संगणकावर चिकटवली की ट्वाइन त्याच नावाचा रिकामा पॅसेज तयार करतं, आणि खेळणारा कोऱ्या पानावर अडकतो. नकाशात एकाच नावाचे दोन चौकोन दिसले तर हेच झालेलं असतं. मृग-१, मृग-२ अशी नावं ठेवा, आणि आकडे सगळीकडे एकाच लिपीतले. व्हेरिएबलची नावं तर रोमनमध्येच लिहा.

अक्षरं एकेक उमटवायची हौसही सोडा. ‘क्ष’ उमटताना आधी ‘क’, मग पाय मोडका ‘क्’, मग एकदम ‘क्ष’ दिसतो आणि ओळ थरथरते. शब्द किंवा ओळ एकदम उमटवा. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.७ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. अक्षरांमध्ये अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. तिरपा टाइप नको, जोर द्यायचा तर ठळक करा. पर्याय एकाखाली एक, प्रत्येकाची उंची किमान ४८ पिक्सेल असू द्या. वावरात काम केलेल्या अंगठ्याला बारीक लिंक सापडत नाही. पॅसेज ८०-९० शब्दांच्या पुढे गेला की पर्याय पडद्याखाली जातात, आणि खाली सरकवायचं आहे हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, तरी साडेदहा हजार शब्दांचा मजकूर दोनशे केबीच्या आसपास बसतो. शुगरक्यूबचं इंजिन धरूनही फाइल एक एमबीच्या आत राहते, चित्रं न घातल्यास. व्हॉट्सॲपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवता येते, पण तशी उघडल्यावर डाव जतन होईल याची खात्री धरू नका. वीस मिनिटांचा डाव ठेवण्यामागे हेही कारण आहे. इच डॉट आयओ या खेळांच्या संकेतस्थळावर टाकून दुवा पाठवला तर बरं. चाचणीसाठी फोन दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. अंगठा कुठे थांबतो, कुठे न वाचता पुढे जातो, एवढंच लिहून घ्या.

शेवटी स्वाती. घरात वीस क्विंटल कापूस, आणि खेडा खरेदीचा व्यापारी दारात रोख घेऊन उभा. त्याचा भाव हमीभावापेक्षा कमी ठेवा. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, पण तो आठ टक्के ओलाव्याला. त्यापुढे टक्क्यामागे एक टक्का कापला जातो, बाराच्या वर माल घेत नाहीत. बारा टक्क्यांवर क्विंटलमागे ३२४ रुपये ४० पैसे गेले, वीस क्विंटलला ६,४८८. वाळवायला थांबावं तर वेचणीची मजुरी आजच द्यायची आहे, आणि वहीतले अकरा हजार आहेतच. निवड झाली की ‘जिंकलात’, ‘हरलात’ लिहू नका. एक कोरं पान द्या, त्यावर आकडे एकाखाली एक: बियाणं, दुबार असेल तर ती, औषध, मजुरी, उधारी, विक्री. सर्वात खालच्या ओळीत पुढच्या मृगासाठी हातात उरलेली रक्कम.