मानशीवर भरलेला वर्ग

मुलांना शेती शिकवायची म्हटलं की आपण वाटीत मूग भिजत घालायला सांगतो, कोंब आले की फोटो ग्रुपवर टाकतो आणि झालं. मूग उगवलेले बघायला मुलांना आवडतंच, पण गोव्यातल्या मुलांना आधी खाजन दाखवा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून मागे भात पिकवायचं हे काम आमच्या लोकांनी पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून केलंय आणि शाळेची बस रोज त्याच्या बाजूने जाते, तरी मुलांना ते नुसतं गवत वाटतं.

मी बार्देशात प्रायमरीला शिकवते. चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर चौथीच्या मुलांना घेऊन मानशीवर गेलो. मानस म्हणजे बांधात बसवलेली लाकडी दारं, ती फक्त नदीच्या बाजूला उघडतात. ओहोटीला नदी खाली गेली की शेतातलं जास्तीचं पाणी दार ढकलून बाहेर जातं, आणि भरती चढायला लागली की नदीचंच पाणी बाहेरून दाबतं आणि दार आपोआप बंद! आम्ही मुद्दाम ओहोटी संपायच्या वेळेला पोचलो होतो. आधी पाणी धो धो बाहेर, मग हळूहळू थांबलं, तरंगणारा काटक्यांचा कचरा जागच्या जागी घुटमळला, आणि दार मिटलं. एक मुलगी म्हणाली, "टीचर, कोणी बंद केलं?" मी काहीच बोलले नाही, त्यांचं त्यांनाच शोधू दिलं, आणि ते शोधलं पण त्यांनी.

मग शेतकरीकाकांनी कोरगुटाची, म्हणजे खाजनातल्या जुन्या भाताची, ओंबी हातात दिली. लांब कुसळं, बोटाला टोचतात. कोरगुट खारट जमिनीत तगतं, पण त्यालाही पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन काढायला लागतं, म्हणून पेरणीची घाई करून चालत नाही. काकांनी बांधातली कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळं दाखवली, ती वेळेवर बुजवली नाहीत तर बांध फुटतो आणि सगळ्यांचीच शेतं खारी होतात. मुलं यानंतर बांधावर जपून चालायला लागली, कोणी सांगितलं नव्हतं. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याच कोरगुटातून निवड करून 'गोवा धान' जाती काढल्यात हे वर्गात सांगितलं तेव्हा पोरं लगेच "आम्ही बघितलंय कोरगुट" म्हणाली.

चवथीला गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगून बांधतात त्या माटोळीबद्दल तर वेगळं लिहायला हवं. फागलां (करटोली), चिबूड अशी नावं आजीकडून विचारून आणा म्हटलं तर वही भरते, आणि सत्तरी तालुक्यातल्या नातेवाईकांकडून रानातली आणखी येतात.

आता एकच म्हणणं आहे. मिड-डे मीलला पावभाजी, पुलाव असतो, बचत गटाच्या बायका मेहनतीने करतात, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. पण महिन्यातून एकदा तरी उकड्या तांदळाची पेज आणि तोंडी लावायला लोणचं नाहीतर तायकिळ्याची (पावसाळी रानभाजीची) भाजी ठेवता येणार नाही का? बचत गटाला परवडेल असा दर त्या दिवसाला मिळायला हवा, हे मात्र आधी ठरवायला लागेल. पुढच्या पालकसभेत मी हा विषय मांडणार आहे, आणि जूनमध्ये पेरणीला मुलांना चिखलात उतरवायची परवानगीही तेव्हाच मागून घेणार. युनिफॉर्म नको, जुने कपडे पाठवा.