शुगर आणि फळं: वाटीत किती, भाकरी कितीने कमी

घरात कुणाची शुगर निघाली की पहिली गदा फळांवर येते. आंबा बंद, केळं बंद, चिकू तर हातातसुद्धा घ्यायचा नाही. आणि त्याच माणसापुढे चार वाजता चहाबरोबर चिरमुऱ्यांची ताटली येते, कारण त्यात गोड असं काहीच नाही. पण 30 ग्रॅम चिरमुऱ्यांत 25 ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, म्हणजे पिष्ट आणि साखर मिळून. ते पोटात गेल्यावर फार लवकर साखरेत बदलतात, कारण त्यांना रोखणारा चोथा जवळजवळ नसतोच. 100 ग्रॅमच्या पेरूत कार्ब 14 ग्रॅम आणि चोथा 5 ग्रॅम. पेरू बंद करून चिरमुरे चालू ठेवणाऱ्या घराचा हिशेब इथेच चुकतो. शुगर मोजायच्या मीटरला चव कळत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली जी आहार-मार्गदर्शिका काढली, त्यात दिवसाच्या 2000 कॅलरीच्या ताटात 100 ग्रॅम फळ धरलेलं आहे. मधुमेह असलेल्या माणसालाही सुरुवातीला हेच माप धरायला हरकत नाही. फळ खायचं का, यापेक्षा कुठलं, किती, कशाच्या जागी आणि कुठल्या वेळी हे ठरवण्यात खरी मेहनत आहे.

हिशेबासाठी एक एकक पक्कं करा: 15 ग्रॅम कार्ब. कुठल्या फळात एवढे कार्ब किती वजनाला येतात ते खाली देतो. वजन खाण्याच्या भागाचं आहे, साल, बी, कोय काढून. कलिंगड 200 ग्रॅम. पपई 140. संत्रं किंवा मोसंबी सुमारे 125. अननस 115. पेरू आणि सफरचंद 105 ते 110. आंबा 100. द्राक्षं 80 ते 85, म्हणजे मध्यम आकाराचे सोळा-सतरा मणी. डाळिंबाचे दाणे 80. चिकू 75. केळं, पिकलेला फणस आणि सीताफळ 65 च्या आसपास. बेदाणा आणि खजूर फक्त 20 ग्रॅम. जात, गोडी आणि पिकण्याप्रमाणे हे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण क्रम बदलत नाही.

स्वयंपाकघरात लहान डिजिटल काटा असेल तर पंधरा दिवस खरोखर वजन करून खा. नंतर डोळ्याला सवय होते. पेरू मध्यम, मुठीत मावणारा निघाला की तो शंभर ते दीडशे ग्रॅमचा असतो हे हाताला कळायला लागतं. सगळ्यात जास्त फसवतं ते केळं. बाजारातलं मोठं लांब केळं सोलून काट्यावर ठेवलं की 110-120 ग्रॅम भरतं, म्हणजे कार्ब 25 च्या पुढे. जवारी किंवा वेलची केळं घेतलं तर एकात भागतं. लांब केळ्याचं मात्र अर्धंच तुमचं, उरलेलं अर्धं घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या. सालीवर काळे ठिपके पडलेल्या केळ्यात पिष्टाची साखर झालेली असते. साल देठाशी किंचित हिरवी असतानाचं केळं त्या मानाने शुगर सावकाश चढवतं.

आंब्याकडे जरा निवांत बघू, कारण बेळगावात एप्रिल-मे महिन्यात घराघरांत वाद होतो तो याच फळावरून. आधी रत्नागिरी आणि देवगडचा माल, मग धारवाडकडचा हापूस. 250 ग्रॅमचा हापूस घेतला तर साल आणि कोय जाऊन गर निघतो 150 ग्रॅमच्या आतबाहेर. त्यात 22-23 ग्रॅम कार्ब, गोडीला चढा असेल तर थोडे जास्तच धरा. आता जोंधळ्याची भाकरी बघा. एका मध्यम भाकरीला 60 ग्रॅम पीठ लागतं आणि त्यात कार्ब 40 च्या वर. म्हणजे ज्या जेवणात एक आख्खा आंबा खायचा, त्या जेवणातून अर्धी भाकरी काढायची. भातात मोजायचं तर शिजलेल्या भाताची अर्ध्याहून थोडी जास्त वाटी काढायची. चपाती 30 ग्रॅम कणकेची असेल तर एक पूर्ण चपाती. एवढं केलं की आंबा ताटात बसला.

मोडतं कुठे? आंबा भाकरीच्या जागी येत नाही, वर येतो. दोन भाकऱ्या, भात, आमटी सगळं झालं आणि मग ‘फळच आहे’ म्हणून आंबा. किंवा रस. शेजारच्या कन्नड घरांत ज्याला सीकरणी म्हणतात तो आंब्याचा रस 150 ग्रॅमच्या वाटीत साखर न घालताही 22 ग्रॅमच्या पुढे जातो. त्यात दोन चमचे साखर, सोबत तीन पुऱ्या नाहीतर पुरणाची पोळी, आणि वाटी कधी एकीवर थांबत नाही. माझं स्पष्ट मत आहे की शुगर असलेल्या माणसाने आंबा फोडी करून खावा, रस करून नको. फोड चावावी लागते, वेळ लागतो आणि किती खाल्लं ते डोळ्यांना दिसतं.

रसाचं तेच सगळ्या फळांना लागू आहे. आख्ख्या फळात साखर पेशींच्या आत, चोथ्यात अडकलेली असते. पिळलं आणि गाळलं की ती मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत आख्ख्या फळातली साखर वेगळी धरली आणि रसातली साखर मात्र वरून घातलेल्या साखरेच्या रांगेत बसवली. एका पेल्याला तीन-चार मोसंबी लागतात. तीन मोसंबी सोलून खायला बसलात तर दुसरीलाच पोट भरतं, पेला मात्र दोन मिनिटांत रिकामा होतो. आणि आपला भाग उसाचा. चिकोडी, रायबाग, गोकाक, कुठल्याही रस्त्याला गुऱ्हाळं आणि रसवंत्या. उसाच्या रसाचा एक पेला म्हणजे 30 ग्रॅमहून जास्त साखर. वर लिंबू-आलं पिळल्याने त्यात काही फरक पडत नाही. उन्हातून आल्यावर इंडीचं लिंबू पिळून नुसतं मीठ-जिऱ्याचं पाणी घ्या, ताक घ्या. शहाळ्यात कार्ब बरेच कमी असतात. मूत्रपिंड ठीक असेल तर एक चालतं.

कलिंगडाबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. साखर लवकर चढवणारं फळ हे खरं, पण 100 ग्रॅममध्ये कार्ब जेमतेम साडेसात ग्रॅम, बाकी पाणी. दोन पातळ कापांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते पातेलंभर फोडी मांडीवर घेऊन बसल्यावर. अर्धा किलो कधी संपलं कळत नाही आणि 37 ग्रॅम कार्ब आत गेलेले असतात.

खानापूरच्या जंगलपट्ट्याने आपल्याला फणस, जांभूळ, करवंद आणि काजूची बोंडं दिली आहेत. पिकलेल्या फणसाच्या गऱ्यांचं माप 65 ग्रॅम, म्हणजे आकाराप्रमाणे दोन-तीन गरे. बरका गिळायला सोपा, म्हणून मोजायला अवघड. कापा बरा, गरे मोजता येतात. आठळ्या भाजून किंवा आमटीत घालून खाल्ल्या तर त्यांचं पिष्ट वेगळं धरायला हवं, त्या नुसती भाजी नव्हेत. कोवळ्या फणसाची भाजी मात्र जेवणात खुशाल असू द्या.

जांभळावर थोडं कडक बोलावं लागतं. फळ चांगलं आहे, जूनमध्ये शंभर ग्रॅम जरूर खा. पण जांभळाच्या बियांची पूड सुरू करून गोळ्या सोडणारी माणसं गावोगाव आहेत. ती पूड औषधाची जागा घेते असा भक्कम पुरावा नाही. गोळी सोडली की शुगर आठ-दहा दिवसांत वर जाते, आणि तहान, लघवी, थकवा दिसेपर्यंत डोळ्यांचं आणि मूत्रपिंडाचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं. पूड घ्यायचीच असेल तर गोळ्या चालू ठेवून आणि डॉक्टरांना सांगून.

अथणी-विजापूरकडचा बेदाणा चार किलो द्राक्षांतून सुमारे एक किलो तयार होतो. पाणी उडतं, साखर सगळी राहते. एक मूठ बेदाणा म्हणजे 30-40 ग्रॅम, कार्ब 25 ते 30. ‘सुका मेवा चांगला’ म्हणून बदाम, शेंगदाणे, बेदाणे आणि खजूर एकाच डब्यात ठेवू नका. बदाम-शेंगदाण्यांनी शुगर फारशी हलत नाही, उरलेल्या दोघांनी हलते.

वेळ. बऱ्याच जणांची शुगर सकाळी उठल्या उठल्या आणि न्याहारीनंतर जास्त अडून बसते, कारण पहाटे शरीरातले काही हार्मोन इन्सुलिनच्या विरुद्ध काम करतात. म्हणून पोह्यांबरोबर केळं हा जोड बहुतेकांना मानवत नाही. अकराला किंवा चारला, चहाच्या बिस्किटांच्या जागी फळ घ्यावं. पेरूच्या फोडी, वर मीठ आणि संकेश्वरी मिरचीची चिमूटभर पूड, सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे. शेंगदाण्यातल्या स्निग्धांशामुळे आणि प्रथिनांमुळे पोट सावकाश रिकामं होतं, शुगर हळू चढते. नंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर चढ आणखी बसतो. संध्याकाळनंतर फळ विष होतं वगैरे ऐकलेलं सोडून द्या. रात्रीच्या जेवणात भाकरी कमी करून घेतलं तर रात्रीही चालतं. गरोदरपणात मधुमेह निघाला असेल तर मात्र सकाळच्या न्याहारीत फळ टाळलेलंच बरं, तेव्हाची उद्दिष्टंही कडक असतात: खाल्ल्यानंतर एका तासाने 140 च्या आत, दोन तासांनी 120 च्या आत.

एकादशी आणि नवरात्राचे उपवास ही वेगळी अडचण. बेळगाव तालुक्यात रताळी मुबलक, त्यामुळे उपवासाच्या ताटात रताळं, साबुदाणा, केळं आणि खजूर एकत्र येतात. चारही कार्ब. उपवासात यातलं एकच निवडा आणि त्याला दही, ताक, शेंगदाण्याची आमटी जोडा. दुसरं टोकही आहे: दिवसभर एक फळ खाऊन ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या मापाने घेतलं, तर शुगर 70 च्या खाली घसरू शकते. डोस किती करायचा हे उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

शुगर घसरल्यावर, म्हणजे हात थरथरणं, घाम, धडधड, डोकं सुन्न होणं असं झाल्यावर, सफरचंद कापत बसायचं नाही. आख्खं फळ अशा वेळी फार सावकाश काम करतं. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घोळून प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. पण गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर नेहमीची साखर नीट फुटत नाही, त्या गोळीचं कामच ते आहे. अशांनी घरात आणि खिशात ग्लुकोजची पूड ठेवावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

मूत्रपिंडावर परिणाम झालेला असेल, रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन किंवा पोटॅशियम वाढलेलं दिसत असेल, तर वरची सगळी मापं बाजूला ठेवा. मग केळं, शहाळं, संत्रं, सुका मेवा यांतलं पोटॅशियम हा मोठा प्रश्न होतो आणि फळांची यादी डॉक्टरांकडूनच घ्यावी लागते. कमरख, ज्याला स्टारफ्रूट म्हणतात, ते तर अशा माणसाने अजिबात खाऊ नये. त्यातला विषारी घटक बिघडलेली मूत्रपिंडं बाहेर टाकू शकत नाहीत आणि तो मेंदूवर चढतो. थांबत नाही अशी उचकी हे पहिलं लक्षण असू शकतं.

आपल्याला कुठलं फळ मानवतं हे शेवटी मीटरवर बघायचं. एका दिवशी एकच फळ, सोबत दुसरं काही न खाता, मोजलेल्या वजनाचं. खाण्याआधी एकदा, एका तासाने एकदा, दोन तासांनी एकदा. वहीत तारीख, फळ, ग्रॅम आणि तीन आकडे. फळाचा चढ तासाभराच्या आसपास सर्वात उंच असतो, नुसती दोन तासांची तपासणी केली तर तो निसटतो. खाल्ल्यानंतरचा आकडा 180 च्या आत राहिला तर बहुतेक मोठ्या माणसांना ते माप चालतं. वर गेला तर फळ लगेच बंद करू नका, वजन निम्मं करून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. आणि 142 नि 150 यांत फरक शोधू नका, चांगल्या मीटरलाही 15 टक्क्यांपर्यंत मागेपुढे होण्याची मुभा असते.

टोचण्याआधी हात साबण-पाण्याने धुवा आणि कोरडे करा. संत्रं सोललेल्या किंवा द्राक्षं हाताळलेल्या बोटाला रस चिकटून राहतो. रक्ताच्या इवल्याशा थेंबात तो मिसळला की मीटर खोटा, फार मोठा आकडा दाखवतं. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसून हे जात नाही, त्याला पाणीच लागतं. फळ खाल्ल्यावर एकदम 280 दिसलं तर घाबरून जादा गोळी घेऊ नका. आधी मोरीवर जाऊन हात धुवा आणि दुसऱ्या बोटाने पुन्हा मोजा.