आधी त्याने प्रीती केली

ख्रिस्ती जीवनाविषयी बोलताना आपण बहुधा आज्ञांपासून सुरुवात करतो. प्रार्थना करावी, पवित्र शास्त्र वाचावे, उपासना चुकवू नये, खोटे बोलू नये, क्षमा करावी, दान द्यावे ही यादी मंडळीत वाढलेल्या प्रत्येकाला लहानपणापासून पाठ असते, आणि ती चुकीची आहे असे कोणीही म्हणणार नाही. मात्र पवित्र शास्त्र या यादीपाशी ज्या वाटेने येऊन पोहोचते ती वाट वेगळी आहे, आणि ती नजरेआड झाली की मनुष्य विश्वासू राहतो खरा, पण आतून थकत जातो, हे मला वर्षांगणिक अधिक ठामपणे जाणवू लागले आहे.

पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात दहा आज्ञा येतात. पण पहिली आज्ञा उच्चारण्याआधी परमेश्वर आपली ओळख करून देतो: मिसर देशातून, दास्यगृहातून तुला बाहेर आणणारा तो मीच. इस्राएल लोक तांबड्या समुद्राच्या पलीकडे गेले तेव्हा जिथे या आज्ञा मिळाल्या तो सीनाय पर्वत अजून पुढे होता. सुटका झाली, रानात मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेले अन्न, मिळू लागला, आणि त्यानंतर नियमशास्त्र आले. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 7व्या अध्यायात, त्यांचा पुढारी मोशे हीच गोष्ट लोकांना अधिक रोखठोकपणे ऐकवतो. तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून परमेश्वराने तुम्हाला निवडले असे समजू नका, तुम्ही तर सर्व राष्ट्रांत लहान होता. त्याची तुमच्यावर प्रीती होती आणि तुमच्या पूर्वजांना त्याने शपथ दिली होती, म्हणून त्याने तुम्हाला सोडवले. देवाने प्रीती का केली, तर त्याची प्रीती होती म्हणून! तर्कशास्त्राला हे उत्तर पटणार नाही, पण यापलीकडचे कारण मोशे देत नाही. नव्या करारात योहान तेच एका ओळीत सांगतो की पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली म्हणून आपण प्रीती करतो, आणि पौल रोमकरांस लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. आपण सुधारण्याची त्याने वाट पाहिली नाही.

हा क्रम उलटला की काय होते, हे लूकच्या 7व्या अध्यायाइतके स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसत नाही. शिमोन नावाच्या परूशाच्या, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या पंथातल्या माणसाच्या घरी येशू जेवायला बसला आहे. गावात पापी म्हणून ओळखली जाणारी एक स्त्री सुगंधी तेलाची कुपी घेऊन आत येते, त्याचे पाय अश्रूंनी भिजवते, केसांनी पुसते, त्यांचे मुके घेते आणि त्यांना तेल लावते. शिमोन मनात म्हणतो, हा खरोखर संदेष्टा असता तर ही बाई कोण आहे ते याला कळले असते. तेव्हा येशू त्याला दोन ऋणकऱ्यांची गोष्ट सांगतो. एकाचे देणे 500 दीनारांचे, दुसऱ्याचे 50 दीनारांचे. दोघांजवळही फेडायला काही नव्हते, म्हणून सावकाराने दोघांनाही माफ केले. आता त्याच्यावर अधिक प्रीती कोण करील? शिमोन अगदी जपून उत्तर देतो: ज्याला अधिक सोडले तो, असे मला वाटते.

या गोष्टीत आपले लक्ष सहसा 500 आणि 50 या आकड्यांकडे जाते, आणि मधले वाक्य निसटते. दोघांजवळही फेडायला काही नव्हते. म्हणजे ज्याचे देणे लहान होते तोही तितकाच कंगाल होता. शिमोनाच्या प्रीतीत जी उणीव आहे ती त्याचे पाप कमी असल्यामुळे आलेली नाही. आपले देणे किरकोळ आहे आणि ते आपण केव्हातरी फेडू शकू, असे त्याला वाटते, त्यातून ती आली आहे. म्हणूनच त्याने पाहुण्याला पाय धुवायला पाणीही दिले नाही, आणि त्यात काही राहून गेले असेही त्याला वाटले नाही. उलट त्या स्त्रीचे अश्रू ही क्षमेची किंमत नव्हती. क्षमा मिळाल्याची खूण तिच्या वागण्यात दिसत होती, आणि येशू शिमोनाला नेमके हेच दाखवत होता. पापकबुलीकडे मी अलीकडे याच दृष्टीने पाहतो. स्वतःला टोचून घेण्यासाठी ती नाही. आपले देणे खरोखर किती होते हे ज्याला कळत नाही, त्याला आपल्यावर केलेली प्रीती किती मोठी आहे हेही कळत नाही, आणि मग त्याची भक्ती शिष्टाचारापुरती उरते.

लूकच्या 15व्या अध्यायातला थोरला मुलगा याच घराण्यातला म्हणावा लागेल. त्या दृष्टांतात धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन घर सोडतो, सगळे उधळतो, आणि परत आल्यावर बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो. या धाकट्यावर आजवर असंख्य प्रवचने झाली आहेत. माझ्या मते मंडळीतल्या जुन्या, नियमित, जबाबदार लोकांनी थोरल्यावर अधिक प्रवचने ऐकायला हवीत. त्याची तक्रार पाहा. इतकी वर्षे मी तुमची चाकरी करतो आहे, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, आणि तुम्ही मला मित्रांबरोबर मजा करायला कधी करडूदेखील दिले नाही. यातला शब्दन् शब्द खरा असू शकतो. तो घर सोडून गेला नाही, पैसे उडवले नाहीत, शेतात राबला. पण बापाच्या घरी राहूनही तो चाकराच्या मनाने जगला. बापाचे उत्तर मात्र विलक्षण कोमल आहे: बाळा, तू तर नेहमीच माझ्याबरोबर आहेस, आणि जे माझे ते सर्व तुझेच आहे. ज्या करडासाठी तो कुढत होता, ते मागण्याचीही त्याला गरज नव्हती. आपल्या प्रार्थनेत जेव्हा मी इतके केले तरी माझ्याच वाट्याला हे का, असा सूर येतो, तेव्हा तो आवाज याच मुलाचा असतो. असा सूर काढू नये असे मी म्हणणार नाही, कारण स्तोत्रकर्त्यांनीही तो काढला आहे. पण त्यामागे हिशेबाची वही उघडी आहे का, हे तपासून पाहावे.

इथे एक आक्षेप हटकून येतो, आणि तो गंभीर आहे. प्रीती आधीच मिळालेली असेल, ती कमवायची नसेल, तर पवित्र जीवन जगण्याचे कारण काय उरते? पौलाला हा प्रश्न ठाऊक होता; रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय, असे तोच विचारतो आणि तिथल्या तिथे तो विचार झिडकारतो. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहोफर यांनी 1937 मध्ये अशा कृपेला ‘स्वस्त कृपा’ म्हटले होते, जिच्यात क्षमा असते पण पश्चात्ताप नसतो, आणि शिष्यत्वाला वधस्तंभ नसतो. हे लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ जगावा लागला. नाझी राजवटीने 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिली. तीताला लिहिलेल्या पत्रात तर कृपा आपल्याला शिकवते असे म्हटले आहे: अभक्ती नाकारायला, मर्यादेने आणि नीतीने वागायला. देवाची प्रीती आपल्याला आहे तिथे स्वीकारते, पण तिथेच ठेवत नाही. इब्री लोकांस पत्राचा 12वा अध्याय सांगतो की प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिस्त लावतो. ‘प्रीती कर आणि तुला हवे ते कर’ हे संत ऑगस्टीन यांचे वाक्य मनमानीचा परवाना म्हणून फिरवले जाते, परंतु योहानाच्या पहिल्या पत्रावरील ज्या प्रवचनात ते येते तिथे ते याच संदर्भात बोलत आहेत. बाप मुलाला मारतो आणि गुलामांचा व्यापारी त्याला गोंजारतो. वरवर पाहून यांतले प्रेम कोणते ते ओळखता येत नाही, मुळाशी काय आहे ते पाहावे लागते, असे त्यांचे म्हणणे आहे.

येशूने पेत्राला कसे परत उभे केले, त्यातही हे दिसते. येशूला पकडले त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने, आपण त्याला ओळखत नाही, असे तीनदा म्हटले होते. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी येशू त्याला त्या रात्रीचा जाब विचारत नाही, पुन्हा असे करणार नाहीस ना, अशी हमीही मागत नाही. तू माझ्यावर प्रीती करतोस काय, एवढेच तो तीनदा विचारतो, आणि प्रत्येक उत्तरामागून त्याच्यावर काम सोपवतो: माझ्या कोकरांना चार, माझी मेंढरे पाळ. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी होतो, म्हणजे जखमेला हात लागला आहे हे उघड आहे. जखम झाकली गेली नाही, आणि तिच्यामुळे पेत्राला बाजूलाही सारले गेले नाही.

अशी प्रीती मिळालेल्या माणसाचे शेजाऱ्याशी नाते बदलले नाही, तर योहान त्याला सरळ लबाड म्हणतो: डोळ्यांना दिसणाऱ्या बंधूवर जो प्रीती करत नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येणार नाही. आरंभीच्या मंडळीने हे शब्दशः घेतले. 3ऱ्या शतकात अलेक्झांड्रियात साथीचा रोग पसरला तेव्हा तिथले बिशप डायोनिसियस यांनी लिहून ठेवले की अनेक विश्वासणाऱ्यांनी आजाऱ्यांची सेवा केली आणि ती करता करता त्याच रोगाने प्राण सोडले. 362 साली सम्राट जूलियन, जो ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक होता, आपल्या एका मुख्य पुरोहिताला त्राग्याने लिहितो की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असे म्हणे) स्वतःच्याच नव्हे, तर आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाच्या तक्रारीपेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणते असणार?

पंडिता रमाबाईंनी आपल्या साक्षीत असाच एक प्रसंग सांगितला आहे. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले काम पाहिले. या स्त्रियांची इतकी काळजी का घ्यायची, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना, येशू विहिरीपाशी जिच्याशी बोलला त्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे त्या स्वतःच लिहितात की त्यांना आधी ख्रिस्ती धर्म सापडला आणि ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षे जावी लागली. शास्त्राचा एवढा व्यासंग असलेल्या विदुषीने हे कबूल करावे, यातून आपण सावध व्हायला हवे.

क्षमेच्या बाबतीत मात्र थोडे सांभाळून बोलायला हवे. मत्तयच्या 18व्या अध्यायातल्या चाकराला दहा हजार तालांतांचे देणे माफ होते आणि तो सोबतीच्या चाकराला 100 दीनारांसाठी गळ्याला धरतो. एक दीनार म्हणजे दिवसभराची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे साधारण 6000 दीनार. दोन्ही कर्जांचे प्रमाण सहा लाखांस एक असे पडते, आणि हे कोणत्याही मजुराच्या कल्पनेपलीकडचे आहे. दृष्टांताचा रोख स्वतःला मिळालेली क्षमा विसरणाऱ्याकडे आहे. घरात मार खाणाऱ्या किंवा फसवल्या गेलेल्या माणसाला गप्प बसवण्यासाठी तो वापरला जातो, तेव्हा त्याचा विपर्यास होतो. अन्याय करणाऱ्याला जबाबदार धरणे आणि मनातला सूड सोडून देणे ही दोन्ही एकत्र राहू शकतात. पहिले टाळून दुसरे साधत नाही, आणि दुसऱ्याला अनेकदा फार वेळ लागतो. हा वेळ देण्याइतकी सहनशीलता मंडळीजवळ असली पाहिजे, कारण करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल प्रीतीचे वर्णन करू लागतो तेव्हा सर्वांत आधी सहनशीलताच सांगतो.

राहता राहिले ते कोरडे दिवस. देवाची प्रीती आहे हे ठाऊक असते, पण जाणवत काहीच नाही, असे दिवस प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या वाट्याला येतात, आणि त्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. स्तोत्रसंहितेतले 88वे स्तोत्र अशा माणसाचे आहे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटाकडे आशेला वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच थांबते. तरीही त्याची सुरुवात, हे परमेश्वरा, माझ्या तारणाच्या देवा, अशी आहे आणि रात्रंदिवस तो त्याच देवाकडे ओरडतो. अशा दिवसांत मी भावना ओढून ताणून आणायचा प्रयत्न करत नाही. ठरलेल्या वेळी प्रार्थनेला बसतो, हे स्तोत्र मोठ्याने वाचतो, आणि ज्याला भेटायचे कबूल केले आहे त्याला भेटून येतो. रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात पौल देवाच्या प्रीतीपासून आपल्याला विभक्त करू न शकणाऱ्या गोष्टी मोजतो: मरण, जीवन, देवदूत, सत्ताधीश, वर्तमान, भविष्य, उंची, खोली, आणि शेवटी दुसरी कोणतीही सृष्ट वस्तू. माझ्या मनाची त्या त्या दिवसाची अवस्था ही सृष्ट वस्तूंमध्येच मोडते, असे मी धरून चालतो.