स्वाती: स्थिर भासणारा वेगवान तारा

तेजस्वी राक्षसी ताऱ्यांविषयी लिहायचे ठरले की बहुतेकांची लेखणी मृगातील काक्षी (बीटलज्यूस) या ताऱ्याकडे वळते, कारण तिचा स्फोट कधी होणार, या प्रश्नात एक स्वाभाविक नाट्य आहे. माझे मन मात्र स्वातीकडे ओढ घेते. स्वातीचा स्फोट होणार नाही, तिचे तेज डोळ्यांना जाणवेल इतके कमीजास्तही होत नाही; तरीही तारे आकाशात कायमचे जडवलेले आहेत ही समजूत ज्या मोजक्या ताऱ्यांनी मोडून काढली, त्यांत तिचे स्थान फार वरचे आहे.

ती ओळखणे सोपे आहे. सप्तर्षींच्या शेपटीतील अंगिरा, वसिष्ठ आणि मरीची यांतून जाणारी वक्र रेषा तशीच पुढे वाढवली, तर ती भूतप तारकासमूहातील या नारिंगी ताऱ्यापाशी पोहोचते आणि आणखी पुढे नेली तर चित्रेपाशी. खगोलाच्या उत्तर गोलार्धातील हा सर्वांत तेजस्वी तारा असून त्याची प्रत (तेजस्वितेचे माप; अंक जितका लहान, तितका तारा तेजस्वी) उणे ०.०५ आहे. साऱ्या आकाशाचा विचार केला, तर व्याध, अगस्त्य आणि मित्र यांच्यानंतर त्याचा क्रमांक लागतो; मात्र मित्राचे तेज दोन ताऱ्यांचे मिळून आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. १६३५ मध्ये जाँ-बाप्तिस्त मोरँ या फ्रेंच निरीक्षकाने दुर्बिणीतून स्वाती भरदिवसा पाहिली होती.

परंतु खरी कथा १७१८ सालची आहे. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी आपल्या काळातील ताऱ्यांची स्थाने टॉलेमी या प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञाच्या ग्रंथात नोंदलेल्या प्राचीन स्थानांशी ताडून पाहिली. संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत राहिल्यामुळे, सर्वच ताऱ्यांचे भोग (सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गावरून मोजलेली स्थाने) बदलतात, हे त्यांना ठाऊक होते. पण त्यामुळे ताऱ्यांच्या शरांत, म्हणजे त्या मार्गापासूनच्या उत्तर-दक्षिण अंतरांत, मोठा फरक पडू नये. व्याध, रोहिणी आणि स्वाती यांच्या बाबतीत मात्र तो पडलेला दिसला. प्राचीनांच्या नोंदी चुकल्या, असे म्हणून विषय मिटवता आला असता, पण नेमक्या या ठळक ताऱ्यांच्याच नोंदी चुकाव्यात हे हॅली यांना पटेना, आणि तारेच सरकले असावेत असा निष्कर्ष त्यांनी काढला. एका सूक्ष्म विसंगतीला इतक्या गांभीर्याने सामोरे जाण्याची ही वृत्ती मला त्यांच्या धूमकेतूविषयीच्या भाकिताइतकीच मोलाची वाटते.

ताऱ्याच्या या स्वतःच्या सरकण्याला निजगती म्हणतात. स्वातीची निजगती वर्षाला सुमारे २.२८ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आहे. म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाएवढे अंतर कापायला तिला साधारण ८०० वर्षे लागतात. एका आयुष्यात डोळ्यांनी हा फरक कळणार नाही, पण प्राचीन ग्रीकांपासून हॅलींपर्यंतच्या काळात ती दोन चंद्रबिंबांहून अधिक सरकली होती. तिचे अंतर सुमारे ३६.७ प्रकाशवर्षे आहे. ते आणि निजगती यांवरून हिशेब केला, तर सूर्याच्या सापेक्ष तिचा वेग सेकंदाला सुमारे १२२ किलोमीटर येतो. अशा तेजस्वी ताऱ्यांमध्ये हा वेग असाधारण आहे. हा वेग जवळजवळ संपूर्णपणे आपल्या दृष्टिरेषेला आडवा आहे. आपल्याकडे येण्याचा तिचा वेग सेकंदाला जेमतेम ५ किलोमीटर भरतो. सुमारे ४,००० वर्षांनी ती आपल्या सर्वांत जवळ असेल, तीही आजच्यापेक्षा किंचितच जवळ, आणि मग दूर जाऊ लागेल. पाच लाख वर्षांत हे अंतर २०० प्रकाशवर्षांच्या पलीकडे गेलेले असेल.

तारा म्हणून स्वाती कशी आहे, हेही पाहण्यासारखे आहे. तिचे वस्तुमान सूर्याहून किंचितच जास्त आहे, पण त्रिज्या सूर्याच्या सुमारे २५ पट आहे. गाभ्यातील हायड्रोजन संपला, गाभा आकुंचन पावून तापला, त्याभोवतीच्या कवचात हायड्रोजनचे संमीलन सुरू झाले आणि बाहेरचे थर फुगत फुगत थंड झाले, म्हणून तिला हा आकार आणि हा नारिंगी रंग लाभला. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४,३०० केल्विन, म्हणजे सूर्यापेक्षा पुष्कळ कमी. तरीही पृष्ठभाग विस्तीर्ण असल्यामुळे तिच्यातून बाहेर पडणारी एकूण ऊर्जा सूर्याच्या सुमारे १७० पट आहे. एवढे थोडे द्रव्य एवढ्या मोठ्या आकारमानात पसरल्यामुळे तिची सरासरी घनता आपण श्वासात घेतो त्या हवेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी भरते. सुमारे पाच अब्ज वर्षांनी आपला सूर्यही याच वाटेला लागेल, म्हणून त्याच्या भविष्याचा अभ्यास करणाऱ्यांना स्वातीचा वर्णपट फार मोलाचा वाटतो.

१९३३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाचे दिवे स्वातीच्या प्रकाशाने प्रकाशविद्युत घटाला (प्रकाश पडताच वीज निर्माण करणाऱ्या उपकरणाला) दिलेल्या संकेतावर लावण्यात आले. तिचे अंतर तेव्हा ४० प्रकाशवर्षे मानले जाई, त्यामुळे १८९३ मध्ये त्याच शहरात भरलेल्या प्रदर्शनाच्या वेळी निघालेला प्रकाश आता पोहोचतो आहे, अशी ती कल्पना होती. आजच्या मोजमापाप्रमाणे तो प्रकाश काही वर्षे नंतर निघाला होता, पण कल्पनेचे सौंदर्य त्याने उणावत नाही.

आता स्वातीच्या त्या असाधारण वेगाचे कारण. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत फिरतो. स्वाती त्याच दिशेने, पण बरीच संथ फिरते. म्हणजे आपल्याला दिसणारा तिचा वेग हा मुख्यतः तिचे मागे पडणे आहे. सुमारे सात अब्ज वर्षे वयाच्या या ताऱ्यात लोहाचे प्रमाण सूर्याच्या जेमतेम एक तृतीयांश असून, आकाशगंगेच्या जाड तबकडीतील, म्हणजे तिच्या मुख्य पातळ तबकडीच्या वर-खाली पसरलेल्या थरातील, जुन्या ताऱ्यांशी तिचे साम्य आहे. १९७१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ ओलिन एगेन यांनी तिच्यासारखीच गती असलेल्या ताऱ्यांचा एक गट दाखवून दिला. हे तारे आकाशगंगेने कधीकाळी गिळलेल्या एखाद्या लहान दीर्घिकेतून आले, की आकाशगंगेच्या मध्यवर्ती दंडाच्या (केंद्रातील ताऱ्यांच्या लांबट पट्ट्याच्या) गुरुत्वाकर्षणामुळे एकत्र वाहू लागले, यावर मतभेद आहेत. मला दुसरे स्पष्टीकरण अधिक संभाव्य वाटते. या गटातील मंद ताऱ्यांची अंतरे आणि गती गाया या ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या उपग्रहाने अत्यंत अचूक मोजल्या आहेत. खुद्द स्वाती मात्र गायाच्या उपकरणांसाठी अतितेजस्वी ठरली, आणि तिच्या अंतरासाठी अभ्यासकांना १९८९ मध्ये सोडलेल्या हिप्पार्कोस उपग्रहाच्या मोजणीवरच विसंबावे लागते.