दोन्ही खतं विद्राव्य, तरी एका बॅरलात नाही

‘दोन्ही पोत्यांवर शंभर टक्के विद्राव्य छापलंय, मग एकत्र सोडली तर बिघडतं कुठं?’ हा तात्यांचा प्रश्न, कॅल्शियम नायट्रेट आणि ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) या दोन पोत्यांबद्दल. तासगाव तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर ड्रिपची खतं बघायचं काम माझ्याकडं आलं. बारावीत घोकलेले विद्राव्यतेचे नियम मग पुन्हा वहीत उतरवले.

पोत्यावरची नावं बाजूला ठेवून आधी आयन, म्हणजे खत विरघळल्यावर सुटे होणारे भारित कण, लिहिले. कॅल्शियम नायट्रेटमधून कॅल्शियम आणि नायट्रेट, ०:०:५० मधून पोटॅशियम आणि सल्फेट. पाण्यात हे सगळे सुटे होतात, त्यामुळं तपासायच्या त्या नव्या जोड्या. पोटॅशियम नायट्रेटची चिंता नाही. नायट्रेट सगळेच विरघळतात, सोडियम-पोटॅशियम-अमोनियमचे नेहमीचे क्षारही. उरलं कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. ते लिटरला जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. २०० लिटरच्या बॅरलात अर्ध्या किलोतच हिशेब संपला, आणि आपण खत टाकतो किलोंनी!

१२:६१:० (मोनो अमोनियम फॉस्फेट) आणि ०:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) मध्ये फॉस्फेट. एकेकटं दोन्ही छान विरघळतं, कारण जोडीदार अमोनियम किंवा पोटॅशियम. कॅल्शियम भेटला की साका, म्हणजे न विरघळणारा गाळ. इथं नियम थोडा अपुरा पडतो, कारण ही खतं पाणी आम्लधर्मी करतात आणि साका कधी कधी उशिरा धरतो. आमचं बोअरचं पाणी जड, म्हणजे त्यात आधीच कॅल्शियम, त्यामुळं तो लवकर येणार. म्हणून वहीवर भागवलं नाही. बॅरलातल्याच प्रमाणात खतं बाटलीत कालवली आणि तासभर हलवली नाहीत. लगेच निवळ दिसतं म्हणून खूश व्हायचं नाही; ड्रिपरची बारीक वाट बुजवायला उशिरा आलेला साकाही पुरतो.

मॅग्नेशियम सल्फेट आणि ०:०:५० मात्र बिनधास्त एकत्र. दोन्हीकडं सल्फेटच, नवी जोडी होणार कुठली?

तात्यांना आयन-बियन काही पटेना. पटलं ते बोर्डोवरून, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या मिश्रणावरून. मोरचूद (तांब्याचं सल्फेट) पाण्यात विरघळतं, पण चुन्याच्या निवळीशी गाठ पडली की निळा साका येतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलंय. तांब्याचं हायड्रॉक्साइड विरघळत नाही, म्हणूनच ते पानावर टिकतं आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाला अडवतं. तिथं साका हवाच असतो.

‘मग कॅल्शियमचा दिवस वेगळा धर,’ तात्या म्हणाले. तसाच धरलाय, आणि दोन्हीच्या मध्ये ड्रिपला नुसतं पाणी.